विश्लेषण : चेहऱ्यावर एलईडी मुखवटा… मुरूम, सुरकुत्या खरेच जातात का?

पांढरा प्लास्टिकचा मुखवटा, आतून लाल-निळा प्रकाश आणि सोफ्यावर निवांत बसलेली व्यक्ती. समाजमाध्यमांवर त्वचेच्या निगेसंबंधी एखादी चित्रफीत पाहिली, की पुढच्या चार चित्रफितींत हे दृश्य हमखास दिसते. ‘दहा मिनिटांत पार्लरसारखी चमक’, ‘मुरूम कायमचे गायब’, ‘वय दहा वर्षांनी कमी’ असे दावे त्यासोबत असतात. ऑनलाइन बाजारात हे मुखवटे दोन-तीन हजार रुपयांपासून थेट तीस-चाळीस हजारांपर्यंत मिळतात. लग्नसराई किंवा दिवाळीच्या सवलती आल्या की त्यांची जाहिरात आणखी वाढते. यामागे विज्ञान अजिबात नाही असे नाही. मात्र जेवढे विज्ञान आहे, त्यापेक्षा दावे कितीतरी मोठे आहेत. शिवाय यातील एक महत्त्वाचा मुद्दा भारतीय त्वचेचा आहे आणि जाहिरातीत नेमका तोच नसतो.

एलईडी मुखवटा म्हणजे नेमके काय?

घरातल्या बल्बमध्ये, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसेच एलईडी दिवे या मुखवट्याच्या आतल्या बाजूला बसवलेले असतात. फरक एवढाच, की ते ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देतात. मुरमांसाठी साधारण ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा, सुरकुत्या आणि दाह यांसाठी ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल, तर खोलवर परिणामासाठी ८३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरला जातो. काही उपकरणांत पिवळा, हिरवा, जांभळा असे सात-सात रंग असतात. त्यातील निळा, लाल आणि अवरक्त वगळता बाकीच्या रंगांमागचा पुरावा फारच तोकडा आहे. रंग जास्त म्हणजे उपकरण चांगले, हा समज म्हणूनच चुकीचा.

या प्रकाशात अतिनील किरण नसतात. लेझरप्रमाणे तो त्वचा जाळत नाही किंवा सोलतही नाही. त्यामुळे वेदना होत नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते. या उपकरणांची लोकप्रियता वाढण्याचे हे मोठे कारण आहे.

प्रकाशाने उपचार ही कल्पना कुठून आली?

ती नवी नाही. डेन्मार्कमध्ये काम करणारे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाने उपचार केले आणि त्यासाठी त्यांना १९०३ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला ‘पेटीत’, निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना माहीत असते. तो प्रकाशोपचारच. त्या प्रकाशाने बाळाच्या त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलते आणि ते शरीराबाहेर टाकले जाते. कोडावर बावचीचा लेप लावून ऊन घेण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आणि आजची रुग्णालयातील अतिनील किरणांची उपचारपद्धती यांचे नातेही जवळचे आहे.

एलईडी मुखवट्याच्या वंशावळीत मात्र दुसरे नाव येते. हंगेरीतील डॉक्टर एंद्रे मेश्टर यांना १९६०च्या दशकात उंदरांवर कमी शक्तीचा लेझर वापरताना भादरलेले केस लवकर उगवल्याचे दिसले. पुढे जखमा भरण्यासाठी अशा प्रकाशाचा अभ्यास सुरू झाला. अमेरिकी अंतराळ संस्था ‘नासा’ने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी एलईडी दिव्यांवर केलेल्या कामातूनही या संशोधनाला चालना मिळाली. चमकदार निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या शोधामुळे निळा दिवा स्वस्त झाला आणि मुखवटा घराघरांत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ‘प्रकाशाने उपचार होतात’ हे खरे आहे, म्हणून ‘हा मुखवटा उपचार करतो’ हेही खरे ठरत नाही. बाळाच्या काविळीत कोणता प्रकाश, किती तीव्रतेचा, किती तास द्यायचा हे मोजून ठरवलेले असते. रक्त तपासून परिणाम पाहिला जातो. मुखवटा विकत घेणाऱ्याच्या हातात यातले काहीच नसते.

निळा प्रकाश मुरमांवर कसा काम करतो?

मुरूम होण्याची कारणे चार. तेलग्रंथींतून जास्त तेल स्रवणे, मृत पेशींनी रोमरंध्र बंद होणे, तिथे ‘क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ हे जिवाणू वाढणे आणि त्यातून दाह होणे. हे जिवाणू स्वतःच पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून घेतात. त्यातून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते जिवाणूलाच मारतात. म्हणजे जिवाणू ज्या द्रव्याची निर्मिती करतो, तेच त्याच्यावर उलटते.

ही प्रक्रिया प्रयोगशाळेत दाखवता येते. पण चार कारणांपैकी ती मुख्यतः एकावरच घाव घालते. तेलाचा स्राव किंवा रोमरंध्रे बंद होणे यांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम मर्यादित असतो. म्हणूनच लाल, सुजलेल्या मुरमांवर फरक दिसतो, तितका तो काळ्या-पांढऱ्या पुटकुळ्यांवर दिसत नाही. त्वचेत खोलवर असलेल्या मोठ्या गाठींसाठी तर निळा प्रकाश जवळपास निरुपयोगी, कारण तो तितक्या आत पोहोचतच नाही. शिवाय मारलेले जिवाणू परत वाढतात. त्यामुळे वापर थांबला की मुरूम परतू शकतात. ‘कायमचे गायब’ या दाव्याला इथेच सुरुंग लागतो.

लाल प्रकाशाचे काय?

लाल आणि अवरक्त प्रकाश निळ्यापेक्षा खोल जातो. पेशींतील मायटोकॉन्ड्रियामध्ये असलेले ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’ हे विकर तो शोषून घेते, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, दाह कमी होतो आणि कोलाजेन तयार करणाऱ्या पेशी अधिक काम करू लागतात, असे मानले जाते. कोलाजेन म्हणजे त्वचेला ताण देणारे प्रथिन. वयाबरोबर ते कमी होते आणि सुरकुत्या दिसू लागतात. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, पण ते निळ्या प्रकाशाच्या यंत्रणेइतके पक्के ठरलेले नाही.

या उपचाराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मात्रा वाढवली की परिणाम वाढतोच असे नाही. एका मर्यादेपर्यंत पेशींना चालना मिळते, त्यापुढे परिणाम थांबतो किंवा उलटही होतो. ‘दहा मिनिटांऐवजी तासभर लावला तर लवकर फरक पडेल’ हा विचार त्यामुळे चुकीचा आहे.

संशोधन काय सांगते?

लंडनमध्ये झालेल्या आणि २००० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम मुरमांच्या १०७ रुग्णांचे चार गट केले होते. निळा प्रकाश, निळा-लाल एकत्र, साधा पांढरा प्रकाश आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम. रोज १५ मिनिटे, १२ आठवडे. निळा-लाल एकत्र वापरलेल्या गटात दाहयुक्त मुरूम सरासरी ७६ टक्क्यांनी कमी झाले. याच नियतकालिकात २०१३ साली दक्षिण कोरियातील ३५ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात घरगुती निळे-लाल उपकरण रोज दोनदा अडीच मिनिटे, चार आठवडे वापरले गेले. बाराव्या आठवड्यात दाहयुक्त मुरूम सुमारे ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तुलनेसाठीच्या गटाला निष्क्रिय उपकरण दिले होते.

सुरकुत्यांबाबतही दक्षिण कोरियातीलच ७६ जणांवरील २००७ची चाचणी वारंवार उद्धृत होते. तीत सुरकुत्यांत जास्तीत जास्त ३६ टक्के घट आणि लवचीकतेत जास्तीत जास्त १९ टक्के वाढ नोंदवली गेली. यातील ‘जास्तीत जास्त’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि जाहिरातीत नेमके तेच गळतात.

हे आकडे वाचून मुखवटा मागवण्याआधी दुसरी बाजू पाहावी लागते. आरोग्यविषयक पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१६ मध्ये मुरमांवरील प्रकाशोपचारांच्या ७१ चाचण्या आणि ४,२११ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. निष्कर्ष असा, की उच्च दर्जाचा पुरावाच कमी आहे. चाचण्या लहान, पद्धती वेगवेगळ्या, आणि प्रचलित औषधांशी थेट तुलना फारच थोडी. ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी’च्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांतही बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड मलमांची ठाम शिफारस आहे, लेझर आणि प्रकाश-उपकरणांबाबत मात्र शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे.

सार असे : सौम्य ते मध्यम, लाल मुरमांवर निळ्या-लाल प्रकाशाचा उपयोग होऊ शकतो. बारीक सुरकुत्यांवर थोडा फरक पडू शकतो. काळे डाग, वांग, खड्डे, खोल सुरकुत्या आणि ‘गोरेपणा’ यांसाठी घरगुती मुखवट्याच्या बाजूने भक्कम पुरावा नाही.

मग सगळेच मुखवटे सारखे काम करतात का?

नाही. इथे साधे गणित उपयोगी पडते. त्वचेला मिळणारी मात्रा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. समजा एक उपकरण दर चौरस सेंटीमीटरला ३० मिलिवॉट प्रकाश देते. दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, त्वचेला १८ ज्यूल ऊर्जा मिळेल. दुसरे उपकरण ३ मिलिवॉट देत असेल, तर तेवढ्याच वेळात १.८ ज्यूल. दिसायला दोन्ही मुखवटे सारखे, दोन्हींचा प्रकाश लालच. पण दुसरा मुखवटा पहिल्याइतकी मात्रा देण्यासाठी १०० मिनिटे लावावा लागेल.

म्हणूनच एका उपकरणावर झालेल्या चाचणीचा निकाल दुसऱ्या उपकरणाला लावणे अयोग्य. कोरियातील चाचणीतले उपकरण वेगळे, मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातीतले वेगळे. तरीही जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ असे बिनदिक्कत लिहिले जाते. हे म्हणजे एका कंपनीच्या गोळीच्या चाचणीवर दुसऱ्या कंपनीची, दहापट कमी औषध असलेली गोळी विकण्यासारखे आहे. औषधाच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले नसतील तर ग्राहक ते परत करेल. मुखवट्याच्या खोक्यावर तरंगलांबी आणि तीव्रता नसेल तर मात्र तोच ग्राहक ‘किती दिवे आहेत’ एवढेच पाहतो.

‘एफडीए मान्यताप्राप्त’ म्हणजे काय?

जाहिरातींतला हा सर्वांत फसवा शब्दप्रयोग. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत : ‘मंजुरी’ आणि ‘विक्रीस हरकत नाही’. बहुतेक एलईडी मुखवटे दुसऱ्या प्रकारात येतात. आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणाशी आपले उपकरण पुरेसे मिळतेजुळते आणि तितकेच सुरक्षित आहे, एवढे कंपनीने दाखवले की ही परवानगी मिळू शकते. नव्या औषधाला ज्या मोठ्या चाचण्यांतून जावे लागते, तशी कसोटी इथे बहुधा नसते. तरीही ही परवानगी असणे नसण्यापेक्षा बरेच. पण तिचा अर्थ ‘परिणामाची हमी’ असा होत नाही.

भारतात फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या व्याख्येत आणली गेली आणि १ एप्रिल २०२० पासून ती लागू झाली. आजाराचे निदान किंवा उपचार यांसाठीचे साधन केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या कक्षेत येते. मुरूम हा त्वचेचा आजार आहे. तो ‘बरा करतो’ असा दावा करायचा आणि प्रश्न विचारला की ‘हे तर केवळ सौंदर्यसाधन’ म्हणायचे, ही पळवाट उरता कामा नये. दावा उपचाराचा असेल तर कसोटीही उपचाराचीच हवी.

भारतीय त्वचेला वेगळा धोका आहे का?

आहे, आणि या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच. त्वचेच्या रंगाचे आणि उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादाचे वैद्यकशास्त्रात सहा प्रकार मानतात. बहुतांश भारतीयांची त्वचा तिसऱ्या प्रकारापासून पुढची, म्हणजे गव्हाळ ते सावळी. अशा त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चटकन उद्दीपित होतात. मुरूम गेला तरी महिनोन्‌महिने काळा डाग राहतो तो त्यामुळेच.

अमेरिकेत २०१०च्या एका अभ्यासात दिसले, की केवळ दृश्य प्रकाशानेही चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या त्वचेवर काळसरपणा आला आणि टिकला. गोऱ्या, दुसऱ्या प्रकारच्या त्वचेवर तो आला नाही. फ्रान्समधील २०१४च्या अभ्यासात यापुढचा धागा मिळाला. ४१५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने त्वचा काळवंडली, ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने नाही. म्हणजे मुरमांचे जिवाणू मारण्यासाठी जी तरंगलांबी वापरली जाते, तीच सावळ्या त्वचेवर डाग गडद करू शकते. लाल प्रकाशही मोठ्या मात्रेत सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेइतका सोसत नाही, असे अमेरिकेतीलच २०२०च्या एका चाचणीत आढळले.

या प्रयोगांतील मात्रा घरगुती मुखवट्यापेक्षा जास्त होत्या, हे खरे. त्यामुळे मुखवटा लावणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा काळवंडेल असे म्हणता येणार नाही. पण ज्यांना वांग आहे, गरोदरपणानंतर चेहऱ्यावर काळे पट्टे आले आहेत किंवा मुरमांचे डाग लवकर गडद होतात, त्यांनी निळा प्रकाश रोज चेहऱ्यावर घेणे शहाणपणाचे नाही. गंमत म्हणजे डागांसाठी म्हणून हे मुखवटे सर्वाधिक आकर्षित करतात ते नेमके याच ग्राहकांना.

डोळ्यांना आणि इतरांना धोका किती?

‘न्यूट्रोजिना’ या ब्रँडचा मुरमांसाठीचा स्वस्त प्रकाश-मुखवटा अमेरिकेसह अनेक देशांत लोकप्रिय झाला होता. जुलै २०१९ मध्ये कंपनीने तो बाजारातून परत मागवला. डोळ्यांच्या पडद्याचे काही आनुवंशिक विकार असलेल्या किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींच्या डोळ्यांना इजा होण्याची सैद्धांतिक शक्यता, हे कारण होते. बहुसंख्य वापरकर्त्यांना काही झाले नव्हते. पण धडा स्पष्ट आहे : डोळ्यांपासून काही मिलिमीटरवर दिवे पेटवताना ‘काही होत नाही’ हे गृहीत धरता येत नाही.

प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे दुर्मीळ नाहीत. मुरमांसाठीच सर्रास दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन त्यातले एक. आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे उपकरण वापरू नये. ल्युपससारखे प्रकाशाने बळावणारे आजार, अपस्मार, प्रकाशाने उठणारी अर्धशिशी, डोळ्यांच्या पडद्याचे विकार आणि त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी तर यापासून दूरच राहावे.

तरीही अनेकांना फरक का जाणवतो?

याचे एक कारण मुरमांच्या स्वभावातच आहे. ते वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. माणूस उपकरण विकत घेतो ते चेहरा सर्वांत खराब असताना. त्यानंतर काहीही न करता थोडी सुधारणा होण्याची शक्यता असतेच. श्रेय मात्र मुखवट्याला मिळते. दुसरे म्हणजे, एवढे पैसे घातल्यावर माणूस नियमाने चेहरा धुतो, मुरूम फोडणे थांबवतो, सनस्क्रीन लावतो. तिसरे, ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत प्रकाश आणि कोन बदलला तरी सुरकुत्या नाहीशा होतात. म्हणून तर चाचणीत निष्क्रिय उपकरणाचा गट लागतो. जाहिरातीत तो नसतो.

खरे नुकसान कुठे होते?

मुखवट्याने बहुतेकांचे थेट नुकसान होणार नाही. आपल्याकडे त्वचेची खरी हानी करणारी दुसरी सवय आहे : औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे. देशातील १२ केंद्रांवर २,९२६ रुग्णांची पाहणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १५ टक्के जण चेहऱ्यावर अशी मलमे वापरत होते आणि त्यातील बहुतेकांना दुष्परिणाम झाले होते. त्या तुलनेत एलईडी मुखवटा निरुपद्रवी म्हणावा लागेल.

नुकसान होते ते वेळेचे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर गाठी येत असतील, तर प्रत्येक महिन्याचा उशीर म्हणजे कायमचा खड्डा पडण्याची शक्यता. ते खड्डे नंतर भरणे महागही आणि अवघडही. एखाद्या तरुणीला हनुवटी आणि जबड्यावर सतत मुरूम येत असतील, पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर कारण पीसीओएस असू शकते. त्यावर दिवा नव्हे, तपासणी हवी. मुखवटा लावून ‘तीन महिने पाहू’ म्हणताना हे तीन महिने हातचे जातात.

पैशांचाही विचार करावा. अ‍ॅडॅपलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड या वर्षानुवर्षे पारखलेल्या मलमांची ट्यूब काही शे रुपयांत मिळते. त्वचारोगतज्ज्ञाचे शुल्क धरूनही अनेक महिन्यांचा उपचार एका महागड्या मुखवट्यापेक्षा स्वस्त पडतो. सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात तर आणखी कमी खर्चात. मलमांनी सुरुवातीला कोरडेपणा येतो, फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि त्यांची चित्रफीत देखणी होत नाही, एवढाच त्यांचा दोष.

घ्यायचाच असेल तर काय पाहावे?

मलमे सोसत नाहीत, मुरूम सौम्य आहेत, डॉक्टरांची हरकत नाही आणि खिशाला परवडते, अशांनी मुखवटा जोड-उपचार म्हणून वापरायला हरकत नाही. मात्र खरेदीपूर्वी तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये आणि तीव्रता मिलिवॉटमध्ये लिहिली आहे का, ते पाहावे. रंगांची आणि दिव्यांची संख्या महत्त्वाची नाही. डोळ्यांचे संरक्षण, वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय आणि परत करण्याची मुदत तपासावी. कानाच्या मागे किंवा जबड्याखाली थोड्या भागावर आठवडाभर वापरून पाहावे. सुरुवातीला आणि दर चार आठवड्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात छायाचित्र काढावे. बारा आठवड्यांत फरक नसेल तर थांबावे. डाग गडद होऊ लागले तर त्याच दिवशी थांबावे. दिवसा सनस्क्रीन सोडू नये. वांग असलेल्यांना दृश्य प्रकाशही अडवणारे, आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी.

फसवणूक झाल्यास दाद कुठे?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवरही बंदी येऊ शकते. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्या समाजमाध्यम-प्रभावकांनी ते स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कायदा आहे, पण मुखवट्यामागे हजारो रुपये घालवलेला ग्राहक बहुधा स्वतःच्याच त्वचेला दोष देऊन गप्प बसतो.

एलईडी मुखवटा हा भोंदूपणा नाही आणि जादूही नाही. तो एक अर्धवट तपासलेला, मर्यादित उपयोगाचा जोड-उपचार आहे. तसा तो विकला गेला असता तर वाद उरला नसता. पण तो विकला जातो खात्रीच्या भाषेत, आणि बहुतांश पुरावा ज्यांच्या त्वचेवर गोळा झाला, त्यांच्यापेक्षा वेगळ्या त्वचेच्या लोकांना. भारतीय त्वचेवर, भारतात विकल्या जाणाऱ्या उपकरणांच्या स्वतंत्र चाचण्या व्हायला हव्यात आणि खोक्यावर मात्रा छापणे सक्तीचे व्हायला हवे. तोपर्यंत चेहऱ्याच्या तक्रारीसाठी पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञावर करावा. त्यानंतर पैसे उरले आणि डॉक्टरांनी हो म्हटले, तर मुखवट्याचा विचार करता येईल.